रकाना क्रमांक चार : सांडण्या किती

प्रति,
मा. तालुका साहाय्य अधिकारी,
दुष्काळ व पशुधन कक्ष, तालुका कचेरी,
मु. खारीसर, कच्छ.

अर्जदार : पचाण वेरसी रबारी, वय अंदाजे ५८, धंदा उंट राखणे, रा. थोरियावांढ.
लेखनिक : जटाशंकर व्यास, निवृत्त शाळामास्तर, रा. थोरियावांढ (अर्जदारास लिहिता येत नाही, म्हणून).

विषय : चाराटंचाई साहाय्याची रक्कम जनावरे जिवंत असेपर्यंत मिळणेबाबत, तसेच रकाना क्र. ४ वारंवार कोरा का राहिला, याचा खुलासा.

संदर्भ : आपली पत्रे दि. २२ नोव्हेंबर (अर्ज परत), दि. १९ डिसेंबर (अर्ज पुन्हा परत), दि. २१ जानेवारी (संशय) व दि. १० फेब्रुवारी (अखेरची संधी).

महोदय,

१. आपल्या अखेरच्या पत्रात वीस तारखेपर्यंतची मुदत दिली आहे, ती पाळूनच हा अर्ज आहे. अर्ज लांबला आहे हे लेखनिकास मान्य आहे. परंतु याआधीचे दोन्ही अर्ज आखूड होते आणि दोन्ही परत आले.

२. यंदा आमच्या भागात आषाढात दोन सरी आल्या, धूळ बसवून गेल्या आणि पुन्हा फिरकल्या नाहीत. गेल्या वर्षीही तेच. अर्जदाराकडे उंट आहेत, बहुतेक सगळ्या सांडण्या, म्हणजे माद्या. दिवाळी झाली की रबारी कळप घेऊन पूर्वेकडे, एरंड-कपाशीच्या मुलखात निघतात. अर्जदाराचा बाप निघत असे, आजा निघत असे. यंदा मात्र सरकारने जाहीर केले, की मोठ्या जनावरामागे चाऱ्यासाठी रोजची रक्कम मिळेल आणि पहिला हप्ता पंधरा दिवसांत जमा होईल. अट एकच, पाहणी होईपर्यंत जनावरे तालुक्याबाहेर नेऊ नयेत. अर्जदार थांबला. बाकीची घरे निघाली, तेव्हा त्याचा चुलतभाऊ हमीर म्हणाला, "सरकारच्या पैशाची वाट बघत बसतोस? उंट पाण्यावाचून आठवडा काढतो, सरकार उत्तरावाचून वर्ष काढतं." अर्जदाराने त्याला उद्धट म्हणून गप्प बसवले. आता हमीर दर आठवड्याला निरोप पाठवून विचारतो, की आला का हप्ता. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो अर्जदाराच्या घरी हमीरच्या रूपाने येतो.

३. पहिला अर्ज नोव्हेंबरच्या चार तारखेला दिला. तो कचेरीबाहेर बसणाऱ्या टायपिस्टाने भरून दिला होता. त्याने विचारले, "रकाना तीन, मालकाचं नाव?" अर्जदाराने खरे ते सांगितले. उंट पार्वतीने घडवला, तो पळू लागला म्हणून त्याला राखायला शंकराने पहिला रबारी घडवला. तेव्हा रबारी हा नुसता राखणदार, सांडण्या मोमाई मातेच्या. अर्जदारास कळायला लागल्यापासून हेच ठाऊक आहे. टायपिस्टाने मान वर न करता 'मोमाईबेन' असे टंकले. अठरा दिवसांनी अर्ज परत आला : मालकाचे आधार कार्ड व पासबुकाची प्रत जोडलेली नाही, मालकाने समक्ष हजर राहावे. अर्जदाराची पत्नी जीवीबेन हिने हे ऐकून आधी हात जोडले आणि मग म्हणाली, "हजर राहू दे की. आली तर पाऊसच मागून घेऊ, हप्ता कशाला हवाय?" सदर चुकीबद्दल अर्जदार दिलगीर आहे. दुसऱ्या अर्जात त्याने मालक म्हणून स्वतःचे नाव घातले आणि घरी येऊन देवीपुढे नारळ फोडून सांगितले, की हे फक्त कागदापुरते आहे.

४. दुसऱ्या अर्जात रकाना तीन भरला, पण रकाना चार, 'जनावरांची संख्या', कोरा राहिला. तो विसरून राहिलेला नाही. अर्जदाराच्या घराण्यात सांडण्या मोजत नाहीत. पणजोबांच्या वेळी दरबारचा माणूस चराईचा कर ठरवायला आला आणि काठीने एकेकीला टोचत त्याने अख्खा कळप मोजला. पंधरवड्यात साथ आली आणि अर्धा कळप गेला. तेव्हापासून मोमाईची आण आहे. खाणाऱ्याचे घास मोजू नयेत म्हणतात, तसेच हे. संध्याकाळी कळप काटेरी कुंपणात शिरतो तेव्हा अर्जदार दारात उभा राहून एकेकीचे तोंड बघतो, आणि कोण आली नाही ते त्याला बरोबर कळते. किती आल्या ते कळत नाही, आणि आजवर त्यावाचून काही अडलेले नाही.

५. आपले कारकून श्री. मांकड यांनी या बाबतीत पुष्कळ सहनशीलता दाखविली, हे नमूद केले पाहिजे. खिडकीवर ते म्हणाले, "पचाणभाई, अंदाजे सांगा." अर्जदार म्हणाला, "आहेत थोड्या." "थोड्या म्हणजे?" "थोड्या म्हणजे फार नाहीत." "शंभर?" "तुमच्या तोंडात साखर पडो." "मग पन्नास धरू?" "साहेब, आकडे तुम्ही बोलताय. मी नुसता उभा आहे." तेव्हा श्री. मांकड यांनी रकान्यात 'थोड्या' असे लिहून पाहिले. संगणकाने तो शब्द घेतला नाही.

६. त्यावर लेखनिकाने तोड काढली, की सांडण्यांची नावे लिहून द्यावीत. आकडा कचेरीने काढावा आणि पाप लागलेच तर कचेरीला लागावे. कचेरी मोठी आहे, तिला पचेल. अर्जदाराने एका बैठकीत, न अडखळता, सगळी नावे सांगितली. ढेल, काबर, रातडी, मोरली, भुरी, लंगडी जमना, धडधाकट जमना, अशी तीन पाने भरली. कचेरीने यादीवर दोन हरकती घेतल्या. पहिली, बेरीज लिहिण्याची जबाबदारी अर्जदाराची आहे. दुसरी, 'भुरी' हे नाव तीन वेळा आले असून एकाच लाभार्थ्यास तीनदा लाभ देता येत नाही. खुलासा : पहिली भुरी ती भुरी. दुसरी तिची मुलगी, तीही भुरीच निघाली, त्याला कोण काय करणार. तिसरी जीवीबेनने माहेराहून आणलेली. तिसरी चावते. शंका असल्यास समक्ष पाहणी करावी.

७. समक्ष पाहणी झाली. आपले पशुधन पर्यवेक्षक श्री. जोबनपुत्रा जानेवारीत आले आणि पहिल्या दिवशी पाण्याच्या हौदावर उभे राहून त्यांनी मोजले. सांडण्या पाणी पितात, एक चक्कर मारतात आणि पुन्हा येऊन पितात, हे त्यांना कुणी सांगितले नाही. अर्जदार सांगू शकला असता, पण तो पाठ फिरवून उभा होता. दुसरा मोजत असताना बघणे हेही मोजण्यातच येते. आकडा आला एकशे बारा. दुसऱ्या दिवशी ते सकाळी आले, निम्म्याहून जास्त कळप बाभळीत होता. आकडा आला एकोणतीस. त्यावरून आपले 'संख्येत संशयास्पद चढउतार' हे पत्र निघाले, आणि एका दिवसात त्र्याऐंशी सांडण्या कुणाला विकल्या अशी विचारणा झाली. अर्जदाराचे उत्तर असे, की तेवढ्या विकल्या असत्या तर तो खुलासा द्यायला मोटारीतून आला असता.

मग ते तिसऱ्यांदा आले, रंगाचा डबा घेऊन. मोजून झालेल्या सांडणीच्या मानेला ठिपका लावायचा, म्हणजे घोटाळा नको. सतरा ठिपके झाले. अठरावी रातडी होती. तिच्या मानेला ब्रश लागला आणि ती बसली, ती उठलीच नाही. दुपारी गेली. रातडी म्हातारी होती आणि कित्येक दिवसांची उपाशी होती. ती ठिपक्याने मेली नाही, भुकेने मेली, हे अर्जदारास कळते. पण कळणे वेगळे, आणि तिचे डोके मांडीवर घेऊन बसणे वेगळे. श्री. जोबनपुत्रा यांनी डब्याचे झाकण लावले, कुदळ मागून घेतली आणि अर्जदाराबरोबर खड्डा खणला. नंतर बाजरीचा रोटला आणि लसणाची चटणी खाल्ली. जाताना म्हणाले, "पचाणभाई, माझी आईपण अंथरुणावर झोपलेली पोरं मोजू द्यायची नाही." आणि अहवालात 'मोजणी करणे उचित वाटत नाही' असा शेरा मारून गेले. माणूस फार चांगला. परंतु त्यामुळे रकाना चार पुन्हा कोराच राहिला.

८. श्री. मांकड यांची त्यानंतरची सूचना अशी, की सांडण्या मोजायच्या नसतील तर त्यांचे पाय मोजावेत. चाराने भागण्याचे काम कचेरी करील. वांढीत, म्हणजे आमच्या वस्तीत, मागे उरलेले तीन म्हातारे हेच सध्या आमचे पंच, त्यांच्यापुढे ही सूचना ठेवली. चिलीम संपेपर्यंत त्यांनी विचार केला. मग एक जण म्हणाला, "देवीला भागाकार येतो." बाकी दोघांनी माना हलवल्या. उंटावरून शेळ्या हाकतात हे ऐकून होतो. पायांवरून उंट काढायची युक्ती नवीन होती आणि लेखनिकास ती मनापासून आवडली होती.

९. हसण्यावारी नेण्यासारखे इथपर्यंतच. वेड्या बाभळीच्या शेंगा संपल्या. उंटाची मान पोचते तिथपर्यंत सगळी झाडे बोडकी झाली आहेत. ओसरीवरचे गवताचे छप्पर मोरलीने खाल्ले, आणि अर्जदाराने तिला हाकलले नाही. आता पूर्वेकडे जायचे म्हटले तरी सोय नाही. तो मुलूख आठ दिवसांच्या चालीवर आहे आणि हा कळप आठ दिवस चालणार नाही. सांडणी एकदा बसली की तिला उठवायला चार माणसे लागतात. वांढीत चार माणसे जमवायची तर पंचांना धरावे लागते, आणि मग पंचांनाही उठवावे लागते. मागच्या यादीची नवी प्रत सोबत जोडली आहे. तीत काही नावांवर रेघा आहेत. खाडाखोडीबद्दल क्षमा असावी. रेघा किती, ते अर्जदाराने सांगितलेले नाही आणि लेखनिकाने मोजलेले नाही.

आपण दहा तारखेच्या पत्रात लिहिले आहे, की साहाय्यास विलंब झाला तरी ते पूर्ण मिळेल. याबद्दल अर्जदार आभारी आहे. बैल गेला आणि झोपा केला ही म्हण आपणांस ठाऊक असेलच. साहाय्य पूर्ण येईल यात शंका नाही, पण तोवर खाणारी पूर्ण उरणार नाहीत. पैसे रिकाम्या दावणीला बांधता येत नाहीत.

१०. इथवरचा मजकूर काल संध्याकाळी लिहून झाला आणि लेखनिकाने तो वाचून दाखविला. अर्जदार म्हणाला, "झकास झालंय मास्तर. रकान्यात मात्र काही घालू नका." जीवीबेन चुलीपाशी लोकर कातत होती. तिचे पुढील बोलणे जसेच्या तसे दिले आहे, कारण तसे तिने बजावले आहे. "नऊ कलमं लिहिलीत आणि त्यात कामाचा आकडा एक नाही. मेघाच्या बापा (हे अर्जदारास उद्देशून, मेघा हे त्यांचे अपत्य), आण तुमच्या पणजोबाला घातली होती. मी तेव्हा या घरात नव्हते. लग्नात तुमच्या देवीनं मला विचारलं नाही, की बाई, तुला काय चालतं, काय चालत नाही. माझ्या माहेरी रोज मोजायचे, आणि माझ्या बापाचा कळप तुमच्याहून मोठा होता."

अर्जदार म्हणाला, "होता."

जीवीबेन म्हणाली, "तुमचाही होता व्हायला नको, म्हणून तर उठतेय. रातडी गेली तेव्हा मी गप्प बसले. ढेल गाभण आहे, दिवस भरलेत तिचे. ती गेली तर मी गप्प बसायची नाही, तुमच्या देवीलाही सांगून ठेवते." आणि ती जाऊन कुंपणाच्या दाराशी बसली. अर्जदाराने तिला अडवले नाही. तो पाठ फिरवून उभा राहिला, इतकेच.

येथे एक गोष्ट नमूद करणे प्राप्त आहे. जीवीबेनला विसाच्या पुढचे आकडे येत नाहीत. माहेरी रोज मोजायचे ते तिचे वडील. म्हणून तिने हातातल्या कातलेल्या दोऱ्याला सांडणीगणिक एक गाठ मारली. कळप आत यायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला, कारण कळप आता हळू चालतो. शेवटची सांडणी आत आल्यावर तिने दोरा लेखनिकाच्या हातात दिला आणि म्हणाली, "मास्तर, मी सांडण्या मोजल्या नाहीत, मी गाठी मारल्या. तुम्हीही सांडण्या मोजू नका, गाठी मोजा. पाप कुणाच्या नावावर घालायचं ते देवी बघेल. तिलाही कळू दे कचेरीत खेटे घालणं म्हणजे काय ते."

लेखनिकाने मोजल्या. त्रेचाळीस. रकाना क्रमांक चारमध्ये '४३' हा आकडा लेखनिकाच्या हस्ताक्षरात असून त्याची जबाबदारी लेखनिकाची आहे. आकडा कानी पडू नये म्हणून अर्जदार बाहेर गेला होता. परत आल्यावर त्याने दाराशी पागोटे झटकले. मग म्हणाला, "मास्तर, कमी आहेत ना?" लेखनिकाने हो म्हटले. एकतीस वर्षे मुलांना गणित शिकवले, पण कुणाला उत्तर सांगताना इतके वाईट वाटले नव्हते.

११. आज सकाळी लिफाफा बंद करायला घेतला, तर अर्जदार दारात उभा. पहाटे ढेल व्याली. पिल्लू मादी आहे. उभे राहायला तिला तिसऱ्या खेपेस जमले. रंग भुरा आहे, पण कचेरीची अडचण ओळखून नाव भुरी ठेवलेले नाही. मोजल्याच्या दुसऱ्याच दिवशी कळप वाढला, हा प्रश्न पंचांपुढे ठेवला आहे. त्यांची चिलीम अजून चालू आहे, निर्णय झाल्यावर स्वतंत्रपणे कळवू. रकान्यातला आकडा मात्र त्यामुळे चुकीचा ठरला. खाडाखोड केलेला अर्ज आपण घेत नाही, म्हणून तो तसाच ठेवला आहे. अर्जदाराने लेखनिकाकडून दोरा मागून घेतला, थोडा वेळ नुसता हातात धरला, आणि पाठ न फिरवता, बायकोच्या देखत, त्याला एक गाठ मारली. मग डोळे पुसले. धूळ फार आहे, असे त्याचे म्हणणे आहे.

१२. तरी विनंती, की रकाना चार भरलेला समजून पहिला हप्ता येत्या आठ दिवसांत जमा व्हावा. ढेलीच्या पोटात चारा गेला तर दूध उतरेल, आणि दूध उतरले तर पिल्लू जगेल. त्याला पत्रव्यवहार समजत नाही. पुन्हा पाहणी करणे असल्यास श्री. जोबनपुत्रा यांनाच पाठवावे. रंगाचा डबा आणू नये. येताना जीपमध्ये कडब्याच्या चार पेंढ्या टाकल्या, तर त्याची रीतसर पोच दिली जाईल.

आपल्या सहीकडे डोळे लावून बसलेला,

(डाव्या अंगठ्याचा ठसा)
पचाण वेरसी रबारी
मु. थोरियावांढ
दि. १७ फेब्रुवारी

सोबत :
भरलेला नमुना, रकाना तीन व चारसह.
पासबुकाची प्रत (अर्जदाराची).
सांडण्यांच्या नावांची यादी, पाने तीन, रेघांसह.
लोकरीचा दोरा एक, गाठी मारलेला. शेवटची गाठ खुद्द अर्जदाराची आहे. हाताला सवय नसल्याने ती फार मोठी झाली आहे. कृपया ती एकच धरावी.